स्टेअरिंग जड झाले तर आधी काय पाहावे?



आज आपण गाडीविषयी बोलणार आहोत. आम्ही मास्तर; फिटर नव्हे. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागात जुनी गाडी चालवून पोट भरणारी माणसे थोडी नाहीत. आपल्या वर्गातही आहेत. कुणी शाळेची मुले नेतो, कुणी लग्नाचे वऱ्हाड नेतो. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली. म्हणून हा विषय घेतला.

पूर्वी प्रीमियर पद्मिनी गाडी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सींतून ती कायमची गेली. तिचे स्टेअरिंग माणूस नुसत्या हाताच्या जोरावर फिरवी. पुढे पॉवर स्टेअरिंग आले. अमेरिकेत 1951 साली क्रायस्लर कंपनीने ते विक्रीच्या मोटारीत प्रथम बसवले. आपल्याकडे ते घरोघरच्या गाड्यांत यायला बरीच वर्षे लागली.

हे पॉवर स्टेअरिंग करते काय? इंजिन फिरते, तसा एक पट्टा फिरतो. पट्ट्यावर एक पंप चालतो. पंप तेलाला जोराने ढकलतो. आपण स्टेअरिंग ज्या बाजूला वळवू, त्या बाजूला ते तेल चाकांना रेटा देते. निम्मे काम आपले हात करतात, निम्मे तेल करते म्हणा ना! जुन्या सुमो, क्वालिस, बोलेरो यांत पॉवर स्टेअरिंग असेल तर ते बहुधा अशा तेलाचे असते. पुष्कळ लहान गाड्यांत तेलाऐवजी विजेची मोटर असते. तिचे पुढे सांगू.

आता एक दिवस हे स्टेअरिंग जड लागते. डोंबिवली स्टेशनाजवळच्या गल्लीत गाडी वळवताना खांदे भरून येतात. गाडी हळू असते तेव्हाच जडपणा जास्त जाणवतो. मग कुणीतरी सांगतो, "पंप गेला. बदलून टाका." आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरला असेच सांगितले होते. पैसे उसने घ्यायची तयारी झाली होती. शेवटी निघाले काय? पुढच्या दोन्ही टायरांत हवा कमी!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आधी फुकटची तपासणी, मग स्वस्त दुरुस्ती, आणि महाग सामान सर्वांत शेवटी.

पहिली गोष्ट, हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक छोटा कागद चिकटवलेला असतो. हवा किती पौंड भरायची, ते त्यावर लिहिलेले असते. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. तो कागद स्वतः वाचा. कागदावर 30 असेल आणि टायरात 20 असेल, तर टायर जमिनीला चिकटून बसतो आणि स्टेअरिंग जड होते. हवा गार टायरात मोजावी.

दुसरी गोष्ट, तेल. इंजिन बंद करून बॉनेट उघडा. स्टेअरिंगच्या तेलाची लहान टाकी शोधा. तिच्यावर दोन रेघा असतात. वरच्या रेघेजवळ इंग्रजीत 'मॅक्स', खालच्या रेघेजवळ 'मिन' अशी अक्षरे असतात. काही गाड्यांत झाकणालाच पट्टी असते. तेल दोन रेघांच्या मध्ये हवे. तेलात फेस दिसला, तर आत हवा शिरली आहे. काळे पडून जळका वास आला, तर तेल बदलायला झाले.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे तेल खपत नाही. कमी झाले तर ते गळतेच आहे. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरा. सकाळी डाग कुठे पडला ते बघा. फिटरचे अर्धे काम झालं! तेल भरताना झाकणावरची किंवा गाडीच्या पुस्तकातली अक्षरे आणि डब्यावरची अक्षरे जुळवून पाहा. ब्रेकचे तेल तर कधीही घालू नका. त्याने आतली रबरे खराब होतात.

तिसरी गोष्ट, पट्टा. किल्ली काढून घ्या, मग पट्ट्याला हात लावा. तो चिरलेला आहे का? गुळगुळीत झाला आहे का? अंगठ्याने दाबल्यावर फार आत जातो का? वळवताना 'कूंऽऽ' असा आवाज येत असेल, तर पट्टा घसरत असावा. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबते. त्यातून गाडी काढली की पट्टा भिजून घसरतो. पट्टा वाळल्यावर स्टेअरिंग हलके झाले, तरी तो ताणून घ्यावा.

चौथी गोष्ट, इंजिनाची मदत मिळते का? गाडी सपाट जागी उभी करा, हॅण्डब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजिन बंद असताना स्टेअरिंग थोडे एका बाजूला रेटून धरा आणि इंजिन सुरू करा. स्टेअरिंग हाताखाली किंचित सैल पडले, तर मदत मिळते आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष पंपाच्या, पट्ट्याच्या किंवा तेलाच्या बाजूला.

हवा, तेल, पट्टा सारे ठीक आहे, तरी जडपणा जात नाही. मग फिटरकडून पुढची चाके उचलून घ्यावीत. नुसत्या जॅकवर भरवसा नको. खाली स्टँड लावलेच पाहिजेत. चाके अधांतरी असतानाही स्टेअरिंग अडत असेल, तर सांधे सुकले असतील किंवा गंजले असतील. तिथे नवा पंप घालून काय उपयोग? एकाच बाजूला जड लागत असेल, तर आतल्या व्हॉल्व्हचा किंवा सीलचा संशय घ्यावा. इंजिन तापल्यावरच जड होत असेल, तर मात्र पंप किंवा आतली सीले झिजली असतील.

विजेच्या स्टेअरिंगला तेल नसते. तिथे हवेनंतर बॅटरी, तिच्या तारा आणि फ्यूज पाहावे. समोर स्टेअरिंगचा दिवा पेटतो का, तेही पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. कल्याणची कितीतरी मंडळी मुरबाडमार्गे माळशेज घाटात जातात. कुणी शहापूरच्या पुढे कसारा घाट चढतात. परत येताना उतार लागतो. तेव्हा काहीजण डिझेल वाचवायला इंजिन बंद करतात. असे कदापि करू नका. इंजिन बंद झाले की पंप बंद, स्टेअरिंग दगडासारखे. ब्रेकला मिळणारी मदतही थोड्याच वेळात संपते. किल्ली पूर्ण मागे फिरली, तर कित्येक गाड्यांचे स्टेअरिंग कुलूप लागल्यासारखे अडकते. चार पैशांचे डिझेल वाचेल. पण मागे बसलेल्या माणसांचे काय?

आणि चालू रस्त्यात स्टेअरिंग एकाएकी जड झाले तर? घाबरू नका. चाके आणि स्टेअरिंग यांचा जोड तुटलेला नसतो. जोर लावला की गाडी वळते. वेग कमी करा, दोन्ही हातांनी धरा, गाडी कडेला घ्या. कारण कळेपर्यंत माणसे भरून पुढे जाऊ नका.

गॅरेजला जाताना एका वहीत लिहून न्या: केव्हापासून जड? उभ्या गाडीत की चालत्या? एका बाजूला की दोन्ही? आवाज येतो का? तेल किती कमी झाले? चांगला मिस्त्री अशा माणसाला मान देतो. आणि ज्याला घाईघाईने सामान विकायचे आहे, तो दोनदा विचार करतो. जुना काढलेला भाग परत मागा. बिलावर काय लिहिले आहे ते वाचा, मगच पैसे द्या. अक्षरओळख झाली ती अशाच वेळी उपयोगी पडायची.

विचार करा आणि सांगा
1. स्टेअरिंग जड झाल्यावर सर्वांत आधी काय पाहावे? का?
2. तेल पुन्हा पुन्हा कमी होते. याचा अर्थ काय?
3. घाट उतरताना इंजिन का बंद करू नये?