दहावीच्या मुलाचे ताट कोणी उचलावे?



हीरकमहोत्सवात शाळेने काय दिले याचा हिशेब मांडला जातो, आणि तो रास्तच आहे. आजचा विषय मात्र शाळा सुटल्यानंतरचा आहे. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी आईवडिलांनी घरी किती करावे, हा प्रश्न पालकसभेत क्वचितच कोणी उघडपणे विचारते. त्याचे पडसाद मात्र शाळेत रोज उमटतात.

सकाळी शाळा भरून तास-दीड तास झाला की फाटकाशी कोणी ना कोणी पालक धापा टाकत उभा असतो. हातात विसरलेला डबा, कधी प्रयोगवही, कधी कंपासपेटी. मुलगा नववीत असतो. संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'उद्या भूगोलाचा कोणता धडा?' असा प्रश्न येतो. विचारणारी आई, उत्तर देणारीही आईच. ज्यांनी तो धडा वाचायचा ती दोन्ही मुले निश्चिंत. अकरावीचा ऑनलाइन अर्ज वडील भरतात आणि ज्याचा प्रवेश व्हायचा आहे, त्याला स्वतःच्या अर्जाचा पासवर्डही ठाऊक नसतो. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. घर मात्र पंधरा वर्षांच्या मुलावर इस्त्रीचे कपडे मोजून आणण्याइतकाही भरवसा टाकत नाही.

यामागे माया आहे हे खरे, पण मायेहून भीती अधिक आहे. ताट उचलण्यात, अंथरूण आवरण्यात गेलेला अर्धा तास अभ्यासातून वजा होईल, असा हा हिशेब असतो. तो कागदावर बरोबर आणि व्यवहारात चुकीचा ठरतो. कारण वाचलेला अर्धा तास पुस्तकाकडे जात नाही, मोबाइलकडे जातो. शिवाय वेळेचा अंदाज घेणे, कामाचा क्रम लावणे, विसरल्यावर मार्ग काढणे हेच तर परीक्षेत लागते. मेंदूचा नियोजन सांभाळणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो असे शास्त्र सांगते. घडणीच्या या काळात सरावच मिळाला नाही, तर तो कधी मिळावा?

राजस्थानातील कोटा शहर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी देशभरातून सोळा-सतरा वर्षांची मुले तेथे जातात. कोचिंग वर्गांनी सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये काढली. वयाचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. तयारीचा प्रश्न तसाच राहिला. सोळा वर्षे ज्याने स्वतःचा मोजा धुतला नाही, त्याला एकाच आठवड्यात अनोळखी गाव, मेसचे जेवण, धोब्याचा हिशेब, आजारपण आणि अपयशी चाचणी हे सारे एकदम पेलावे लागते. अभ्यास त्याला जड जात नाही असे नाही. पण कित्येकदा अभ्यासाआधी दिवसच जड जातो. काही आया मुलाबरोबर कोट्याला बिऱ्हाड करतात. वडील एका गावी, आई दुसऱ्या, धाकटे भावंड आजीकडे. त्या त्यागाला नमस्कार करावा. पण दोन वर्षांनी वसतिगृहात जाताना त्या मुलाला वरणभाताचा कुकर लावता येतो का, हेही विचारावे.

इथे एक भेद करणे भाग आहे. पहाटे पाणी भरून, धाकट्यांना आवरून, स्वयंपाक उरकून शाळेत येणाऱ्या मुलीही याच देशात आहेत. त्यांच्या पालकांनी घरचे काम कमी करून त्यांना वेळ दिला पाहिजे. त्यांच्यासाठी या भाषणाचा अर्थ नेमका उलटा आहे. अनेकदा ही मुलगी आणि तो डबा विसरणारा मुलगा एकाच घरात असतात. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील व्यक्तींच्या दिवसाची नोंद घेतली गेली. घरातल्या बिनपगारी कामात 81.2 टक्के स्त्रियांचा सहभाग आढळला, पुरुषांचा 26.1 टक्के. जे काम करत होते त्यांच्यातही स्त्रियांची दिवसाची सरासरी 299 मिनिटे, पुरुषांची 97. ही दरी लग्नानंतर पडत नाही. 'दादाचा अभ्यास आहे, तू घे गं पाने' या वाक्यापासून ती पडायला लागते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना आणखी एक गोष्ट लागू आहे. शाळेत मराठी, रस्त्यावर दुसरी भाषा, मित्रांत तिसरी, अशा मुलांना परात, उलथने, रवी, पोळपाट, फोडणी हे शब्द ओट्याशी उभे राहिल्यावरच मिळतात. पाठ्यपुस्तकातून ते येत नाहीत. 'आच मंद कर' हे ऐकत ज्याने एकदा भाजी ढवळली, त्याची मराठी निबंधापुरती उरत नाही.

मग पालकांनी काहीच करू नये काय? पुष्कळ करावे. किशोरवयात झोपेचे चक्र उशिराकडे सरकते आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तेव्हा सकाळी पाच हाका मारण्यापेक्षा रात्री दहाला घरातले सगळेच मोबाइल, वडिलांचाही, बैठकीच्या खोलीत ठेवावेत. फीची, औषधपाण्याची, सुरक्षिततेची काळजी मोठ्यांचीच. आणि बसावे. हे सर्वांत कठीण. दिवसभर मुलाची कामे करून थकलेल्या आईजवळ त्याच्याशी बोलायला वेळ उरत नाही. सेवा भरपूर, सहवास शून्य अशी घरे आता थोडी नाहीत. सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखे वागवावे, असे जुने सुभाषित सुचवते. मित्र मित्राचे दप्तर भरून देत नाही, पण त्याचे ऐकून घेतो.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये पोहायला भिणाऱ्या श्यामला आई विहिरीवर धाडतेच. तिचा त्या वेळचा मार आजच्या घरात नको. तिची निष्ठुरता मात्र मायेचीच होती हे ध्यानात घ्यावे.

कामाची सुरुवात दहावीच्या जानेवारीत करू नये. आठवीच्या उन्हाळ्यात करावी, आणि 'आईला मदत' म्हणून करू नये. मदत म्हटली की घर आईचे ठरते आणि मुलगा पाहुणा. एखादे काम पूर्णपणे त्याच्या नावे लावावे: पिण्याचे पाणी भरणे, आठवड्याची भाजी, रविवारचा सकाळचा चहा. पहिले काही दिवस मेथी जून येईल, चहा पांचट होईल, हिशेबात वीस रुपयांचा घोळ निघेल. तेव्हा आईने पुन्हा बाजारात जाऊ नये. जून मेथीची भाजी सगळ्यांनी, त्यानेही, गुपचूप खावी.