काडीमोडीपासून आम्ट्सगेरिश्टपर्यंत



जर्मनीत राहणाऱ्या मराठी दांपत्याला घटस्फोटाचा अर्ज करण्यासाठी कोणत्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्यांचा खर्च किती, हा विषय केवळ वकिलांचा नाही. कायदा माणसापर्यंत भाषेतूनच पोहोचतो, आणि जो कायदा स्वतःच्या भाषेत कधी ऐकलेला नसतो त्याच्या कागदावर माणूस बहुधा भीतीपोटी किंवा घाईघाईने सही करतो. म्हणून हे ज्ञान नेमक्या मराठीत मांडले जाणे, हे या परिषदेपुढचे आजचे पहिले काम आहे.

मराठी समाजाला विवाहविच्छेद परका नाही. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडून नाते संपवण्याची रीत होती आणि तिनेच काडीमोड हा शब्द दिला. फारकत व सोडचिठ्ठी हे शब्दही जुने आहेत. बडोदा संस्थानाने १९३१ साली आणि मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे केले, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने न्यायालयीन घटस्फोटाची वाट देशभर उघडताना २९ व्या कलमात रूढीने होणारी फारकतही राखून ठेवली. जर्मनीत मात्र विवाह न्यायालयाच्या निर्णयानेच संपतो; पंच, नोटरी किंवा परस्परांत केलेला करार यांपैकी कशानेही तो संपत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण इथे उपयोगाची नाही, कारण दुसरा जिना बांधलेलाच नाही.

दोन्ही देशांच्या कायद्यांनी १९७६ याच वर्षी वळण घेतले, पण वेगवेगळ्या दिशांना. भारताने हिंदू विवाह कायद्यात १३-ब हे कलम घालून परस्परसंमतीचा घटस्फोट आणला आणि क्रूरता, परित्याग यांसारखी दोषांची कारणेही कायम ठेवली. जर्मनीने दोष शोधण्याची पद्धतच सोडली, आणि १ जुलै १९७७ पासून तिथे एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे हा विवाह मोडला आहे काय. या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने काळावरून ठरते: पती-पत्नी वर्षभर विभक्त राहिले आणि दोघांचीही घटस्फोटाला संमती असली तर विवाह मोडला असे गृहीत धरले जाते, आणि तीन वर्षांच्या विभक्तवासानंतर एकाचा विरोध असला तरी तेच गृहीत धरतात.

या पहिल्या वर्षाला ट्रेनुंग्सयार म्हणतात. मराठीत त्यासाठी विभक्तवासाचे वर्ष हा प्रतिशब्द सुचवावासा वाटतो. म्युनिक किंवा फ्रांकफुर्टमध्ये दुसरे घर मिळणे किती कठीण आहे हे ठाऊक असलेल्यांना दिलासा देणारी गोष्ट अशी, की एकाच घरातही हे वर्ष भरते, मात्र निजणे, स्वयंपाक, कपडे धुणे आणि पैशांचा व्यवहार हे सारे वेगळे असावे लागते. विभक्त होण्याची तारीख लेखी नोंदवून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. पतीच्या नोकरीमुळे ज्या पत्नीला निवासाचा परवाना मिळालेला असतो तिच्यासाठी तर ही तारीख अधिकच निर्णायक ठरते, कारण निवास कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार स्वतंत्र निवासाचा हक्क मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे जर्मनीत तीन वर्षांचे सहजीवन झालेले असावे लागते. घरातील हिंसेसारख्या असह्य परिस्थितीत या अटीतून सूट मिळू शकते, हे मराठी मंडळांच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे.

अर्ज आम्ट्सगेरिश्टमधील, म्हणजे स्थानिक न्यायालयातील, कुटुंब विभागात दाखल होतो. तो वकिलामार्फतच द्यावा लागतो. जोडीदाराला केवळ संमती द्यायची असली तर त्याने वकील न नेमला तरी चालते. दोघांचा मिळून एक वकील हा समज मात्र सर्वत्र ऐकू येणारा आणि चुकीचा आहे, कारण तो वकील अर्जदाराचाच असतो. अर्जासोबत विवाहाचा दाखला भाषांतरासह जोडावा लागतो. भारत २००५ पासून परदेशी कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाच्या अपोस्टिल कराराचा सदस्य असला तरी जर्मनीने त्यावर आक्षेप नोंदवलेला असल्याने भारतीय अपोस्टिल जर्मनीत चालत नाही. न्यायालयीन शुल्काची आगाऊ रक्कम भरल्यावरच अर्ज जोडीदाराकडे रवाना होतो, आणि तो पिवळ्या लिफाफ्यातून येतो. त्या लिफाफ्यावर पोस्टमन स्वतःच्या हाताने तारीख लिहितो, आणि कायद्याच्या मुदती त्या तारखेपासून मोजल्या जातात. म्हणून तो लिफाफा फाडून टाकू नये, जपून ठेवावा.

खर्चाचे गणित भांडणाच्या लांबीवर नव्हे, तर दाव्याच्या मूल्यावर बसते. दोघांचे मिळून तीन महिन्यांचे निव्वळ उत्पन्न हा त्याचा पाया. त्यात मालमत्तेचा काही अंश मिळवला जातो, आणि निवृत्तिवेतनाच्या प्रत्येक हक्कामागे त्या तिमाही उत्पन्नाचे दहा टक्के धरले जातात. पतीचे निव्वळ मासिक उत्पन्न ४,००० युरो, पत्नीचे २,००० युरो, मालमत्ता नगण्य आणि दोघांचा निवृत्तिवेतनाचा एकेक हक्क असे उदाहरण घेतल्यास मूल्य १८,००० अधिक ३,६००, म्हणजे २१,६०० युरो होते. २०२१ च्या तक्त्यानुसार त्यावर न्यायालयाचे शुल्क ७६४ युरो आणि एका वकिलाचे शुल्क मूल्यवर्धित करासह सुमारे २,४६९ युरो होत असे. १ जून २०२५ पासून हे दर वाढले आहेत. न्यायालयाचे शुल्क सामान्यतः निम्मे-निम्मे वाटले जाते आणि ज्याने वकील नेमला त्याचा खर्च त्याच्याकडे राहतो. पोटगी, घर किंवा मुलांचा ताबा यांवरचे वाद त्याच दाव्यात जोडले की मूल्य चढत जाते.

ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्यासाठी न्याय बंद नाही. खर्चसाहाय्यासाठी अर्ज करता येतो, त्याला राष्ट्रीयत्वाची अट नाही; ऐपतीनुसार ते साहाय्य फेडावे लागत नाही किंवा जास्तीत जास्त ४८ मासिक हप्त्यांत फेडता येते. त्याआधी मात्र, कमावत्या जोडीदाराकडून खर्चाची आगाऊ रक्कम मिळणे शक्य आहे काय हे न्यायालय पाहते, कारण तशी मागणी करण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. पुण्याची किंवा नागपूरची नोकरी सोडून पतीबरोबर आलेल्या, स्वतःचे बँक खातेही नसलेल्या स्त्रीला हा हक्क वेळेवर कळणे, हा तिच्या आयुष्यातला मोठा फरक ठरू शकतो.

दाव्याला लागणारा वेळ बहुतेक निवृत्तिवेतनाच्या वाटणीत जातो. विवाहकाळात दोघांनी कमावलेले हक्क समान वाटले जातात आणि विमा संस्थांकडून त्यांचे तपशील येईपर्यंत महिने लोटतात. विवाह तीन वर्षांहून कमी टिकला असेल तर ही वाटणी केवळ मागणी केल्यासच होते. प्रत्यक्ष सुनावणी अनेकदा पाव तासात आटोपते.

यापुढचा प्रश्न दोन देशांचा आहे. दोघेही जर्मनीत राहत असतील आणि त्यांनी वेगळ्या कायद्याची निवड केली नसेल, तर २०१२ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या रोम-तीन नियमांनुसार विवाह पुण्यात लागला असला तरी कायदा जर्मन लागतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वाय. नरसिंह राव खटल्यात मात्र असे ठरवले, की विवाह ज्या कायद्याखाली झाला त्यातील कारणावर परदेशी निर्णय आधारलेला असावा, अथवा दोन्ही पक्षांनी त्या न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने मान्य करून संमती दिलेली असावी. म्हणून एकतर्फी जर्मन घटस्फोट भारतात अडखळू शकतो, आणि दोघांनी हजर राहून दिलेली नोंदवलेली संमती ही त्याची सर्वांत भक्कम बाजू ठरते. उलट, दोघेही भारतीय नागरिक असताना भारतीय न्यायालयाने दिलेल्या घटस्फोटाला जर्मनीत मान्यतेसाठी वेगळी प्रशासकीय प्रक्रिया सक्तीची नाही.

सुनावणीत न्यायाधीश ओळखपत्रे पाहतात, विभक्त होण्याची तारीख विचारतात आणि मग तो मुख्य प्रश्न विचारतात, ज्यातला जर्मन शब्द गेशायटर्ट असा आहे. दुभाषे त्याचे भाषांतर बहुधा अयशस्वी असे करतात, आणि परीक्षेत नापास झाल्यासारखा तो शब्द ऐकून समोरची व्यक्ती गप्प होते. मूळ शब्दात नापास होण्याचा भाव नाही. शाइट म्हणजे लाकडाचा तुकडा, आणि जहाज फुटून त्याची फळकुटे होणे यावरून तो शब्द आला. आपला विवाह मोडला आहे असे आपणांस वाटते काय, असे त्याचे मराठी व्हावे; काडी मोडणाऱ्या भाषेला ते क्रियापद परके नाही.