मतभेद, स्वभाव आणि कषाय
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



पन्नास वर्षांत या संस्थेत मतभेद झालेच नाहीत असे कोणी म्हणाले, तर येथे काम झाले नाही असे मी समजेन. प्रश्न आहे तो मतभेद हाताळण्याच्या प्रत्येकाच्या रीतीचा.

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ साली अशा पाच रीती मोजण्याचे साधन सिद्ध केले. अडून बसणे, नमते घेणे, टाळणे, तडजोड करणे आणि उभयतांचे समाधान होईल असा मार्ग मिळून शोधणे. यांतील कोणतीही रीत सर्वकाळ वाईट नाही. मांडवाच्या रंगाबाबत नमते घ्यावे. हिशेबाच्या चोखपणाबाबत मात्र अडूनच बसावे.

आपल्याकडे टाळण्याची रीत फार, आणि तिला आपण समता म्हणतो! सभेत मौन धरायचे, चपला घालताना सारे बोलून घ्यायचे आणि पुढच्या सभेला फिरकायचे नाही. ही क्षमा नव्हे.

मनात काय उरले, हे आपल्या शास्त्रकारांनी पाहिले. क्रोध पाण्यावरील रेघेसारखा, वाळूतील रेघेसारखा, जमिनीच्या भेगेसारखा किंवा पर्वताच्या भेगेसारखा असतो. श्वेतांबर कर्मग्रंथांत या चार प्रकारांची मुदतही दिली आहे : पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि यावज्जीव. पक्खी, चौमासी आणि संवत्सरी प्रतिक्रमणांचा क्रम या मुदतींशी जुळतो, हे ध्यानी घ्यावे.

बाहुबलींचे चरित्र येथे आठवते. भरतावर उगारलेली मूठ त्यांनी वळवली, केशलोच केला, राज्य सोडले. संघर्ष संपला, मान उरला. आधी दीक्षित झालेल्या धाकट्या बंधूंना वंदन करावे लागेल, म्हणून ते भगवान ऋषभदेवांकडे गेले नाहीत. श्वेतांबर परंपरेनुसार ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींनी येऊन त्यांना हत्तीवरून उतरण्यास सांगितले. वंदनासाठी पाऊल उचलताच त्यांना केवलज्ञान झाले.

संवत्सरीला आपण शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ कळवतो. ज्या एका घराशी बोलणे बंद आहे, नेमके तेच घर यादीतून गळते. यंदा त्या घराची पायरी प्रथम चढावी. जागेच्या वाटणीचा वाद तेवढ्याने मिटणार नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी कागदपत्रे घेऊन समोरासमोर बसावेच लागेल.