थोरली आणि धाकटी

कटंगी हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव धानाच्या मुलखात वसले आहे. धान जेथे साठविले जाते तेथे उंदीर येणारच, आणि उंदरांमागोमाग मांजर. त्यामुळे अशा मुलखातील शेतकऱ्याच्या घरी मांजर कितीही लाडके असले, तरी प्रथम ते कोठीचे राखणदार असते. कार्तिक-मार्गशीर्षात नवे धान घरात येऊ लागते. आठ-दहा वर्षांची जुनी मांजरी आता थकली, तिच्या तावडीतून उंदीर निसटू लागले, हे अशा वेळी घरधन्याच्या ध्यानी येते आणि एखादे पिल्लू पिशवीत घालून आणले जाते. पिशवीचे तोंड उघडले जाते ते थेट थोरलीच्या पुढ्यात. पुढचा प्रकार ठरलेला. थोरली पाठीची कमान करते, शेपूट फुलविते, फिस्कारते, धाकटी मिळेल त्या अडगळीत दडी मारते, आणि घरची मंडळी हसून म्हणतात, "सवत आली!"

निदान चुकते ते येथेच. सवतीमत्सराच्या मुळाशी प्रेमाची वाटणी असते. मांजराच्या रागाच्या मुळाशी जागा असते. मनुष्य आणि मांजर यांचे साहचर्य जुने आहे. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारीच पुरलेले मांजर सापडले, ते वृत्त 2004 साली प्रसिद्ध झाले. पुढे 2007 मध्ये 979 मांजरांच्या आनुवंशिक तपासणीतून घरगुती मांजराचे मूळ पश्चिम आशियातील रानमांजरात असल्याचे दिसून आले. ते रानमांजर एकट्याने शिकार करणारे. कुत्र्याचे पूर्वज टोळीने राहत. मांजराच्या पूर्वजाला शेजारी म्हणजे भक्ष्यातील वाटेकरी. माय-लेकी किंवा बहिणी असलेल्या मांजरी एकत्र नांदतात, एकमेकींची पिलेही सांभाळतात. परक्या मांजरीला मात्र ती सवलत नाही.

आता हे परकेपण मांजर ओळखते कशाने? डोळ्यांनी थोडे, नाकाने फार. तिच्या गालांवर, हनुवटीवर आणि पंजांत गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, कोठीच्या कडेला, माणसाच्या पायांना ती गाल घासते तेव्हा माणसाला ती माया वाटते. माया त्यात असेलही. पण घरावर स्वतःची गंधमुद्रा उमटविणे हाही त्यातील हेतू असतो. त्या मुद्रांकित घरात अचानक परका वास शिरला, की थोरलीचे घर तिचे उरत नाही. मग ती कवेलूंवर जाऊन बसते, दिवस दिवस उतरत नाही. कधी कायमची निघूनही जाते. कधी घरातच राहून ती धानाच्या पोत्यांवर मूत्राच्या चिळकांड्या उडविते. कोठीच्या राखणासाठी जे केले त्यानेच कोठी नासावी, असा तो प्रकार. काही मांजरी अन्न टाकतात. दोन-तीन दिवसांचा उपवास मांजराच्या यकृतास घातक ठरू शकतो, आणि स्थूल मांजरास तर विशेषच. तेव्हा हा रुसवा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे.

यास्तव धाकटीला प्रथम वेगळ्या खोलीत ठेवावे. कवेलूंच्या जुन्या घरात हे सोपे नसते. तेथे भिंत पुष्कळदा आढ्याला भिडत नाही आणि मांजराला तेवढी फट पुरे होते. स्लॅबची एखादी खोली असल्यास तीच बरी. पंधरवडाभर हा विलगवास ठेवण्यात दुसराही लाभ आहे. मांजरांत उलट्या-जुलाबांची एक प्राणघातक साथ असते. नव्या पिलाच्या अंगी ती असल्यास या अवधीत बहुधा उघडकीस येते आणि थोरली वाचते. तेवढ्यात पशुवैद्याकडून लसही टोचून घ्यावी.

या दिवसांत भेट घडवायची ती वासांची. धाकटीच्या अंगाखालचे फडके थोरलीच्या जागेजवळ ठेवावे, थोरलीचे धाकटीकडे न्यावे. थोरली ते हुंगेल, तोंड अर्धवट उघडून क्षणभर विचारात पडल्यासारखी दिसेल. टाळूतील एका वेगळ्या गंधेंद्रियाने ती तो वास पारखीत असते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींची ताटली मांडावी. आरंभी दारापासून दूर, मग रोज वीतभर जवळ. सुकटीचा एखादा तुकडा या कामी दूधभातापेक्षा अधिक उपयोगी पडतो. (नुसत्या दूधभातावर मांजर पोसत नाही हे अनेक सोवळ्या घरांना पटत नाही, तेथील मांजरे उंदरांवर जगतात, एवढेच.) परका वास आणि आवडते अन्न यांची अशी सांगड बसू लागली, की पहिल्या दृष्टिभेटीची वेळ आली. त्या वेळी धाकटीला कोंबड्या डालण्याच्या बांबूच्या मोठ्या डालग्याखाली पाच-दहा मिनिटे ठेवल्यास दृष्टी आणि वास आरपार जातात, नखे जात नाहीत. अधिक वेळ मात्र तिला कोंडू नये.

मोकळ्या भेटीत फिस्कारणे होईलच. ती ताकीद आहे, तंटा नव्हे. कान मागे चापलेले, नजर खिळलेली आणि घशात सलग गुरगुर असेल तर मध्ये एखादे सूप आडवे धरावे. हात घालू नये. थोरलीला मारणे किंवा तिच्यावर पाणी फेकणे ही तर शुद्ध चूक होय. धाकटीच्या आगमनासरशी आपणांस मार बसतो, एवढाच बोध तिला होतो.

थोरलीचे कोणतेही स्थान या सगळ्यात जाऊ नये. तिची चुलीजवळची ऊब, कोठीवरची बैठक, तिची ताटली, सारे पूर्ववत असावे. धाकटीला नवी जागा, नवी ताटली आणि राखेची निराळी पाटी द्यावी. मादी पिल्लू सहा महिन्यांच्या आतही माजावर येऊ शकते. शस्त्रक्रियेचा विचार वेळीच केला नाही, तर दोघींचा हा प्रश्न सात-आठांचा व्हावयाचा.

काही घरांत पंधरवड्यात निभावते, काहींत तीन-चार महिने लागतात. काही जोड्या एका गोणपाटावर एकमेकींचे कान चाटीत झोपतात. पुष्कळांच्या बाबतीत तसे कधीच होत नाही. थोरली सकाळी उन्हात ओसरीवर पडते, धाकटी रात्री कोठीभोवती फिरते, आणि दाराशी गाठ पडली तर एकजण किंचित थांबून दुसरीला वाट देते.