बाटली, रंग आणि चोवीस आरे

आजच्या भागात रिकाम्या काचेच्या बाटल्या रंगवून स्वातंत्र्यदिनाची सजावट कशी करायची, ते सांगणार आहे. कृती तर सांगतेच, पण त्याआधी आमच्याकडून झालेली एक चूक सांगते. ती ऐकलीत तर तुमची मेहनत वाया जाणार नाही.

गोष्ट २०२२ सालची. स्वातंत्र्याची पंच्याहत्तर वर्षं आणि ‘हर घर तिरंगा’. आमच्या सोसायटीतल्या मुलांची सजावट माझ्याकडे आली. आता आपलं नाशिक म्हणजे द्राक्षांचं गाव. दिंडोरी, निफाड हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वाईनच्या बाटल्यांना तोटा नाही. भंगारवाल्याकडून बारा बाटल्या आणल्या. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा बाटल्यांकडे बघितलं. “झेंडावंदनाच्या टेबलावर दारूच्या बाटल्या?” म्हटलं, आई, धुतल्यावर काच ती काचच. त्या काही बोलल्या नाहीत, पण पटलेलं नव्हतं, हे कळलं मला.

तर कृती ऐका. बाटली खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवायची. कडकडीत पाणी नको, काच तडकते. लेबल सुटतं, पण खाली डिंक चिकटून राहतो. त्यावर खोबरेल तेल आणि सोडा चोळायचा, दहा मिनिटांनी साबणाने धुवायचं. मग महत्त्वाचं: सॅनिटायझरचा बोळा फिरवायचा आणि त्यानंतर बाटली फक्त तोंडाशी धरायची. बोटाचं तेल लागलं की तिथला रंग निघालाच म्हणून समजा.

भिंतीवर रंग बसतो कारण भिंत ओल पिते. म्हणून तर गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाची वारली चित्रं टिकतात. काच काहीच पीत नाही. त्यामुळे ब्रशने ओढलात तर रंग नुसता घसरतो. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा घ्या आणि ऍक्रिलिक रंग टिपत टिपत लावा. आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात. वाईनची बाटली बहुधा हिरवी असते, तिच्यावर थेट केशरी लावलात तर मातकट दिसतो. दोन हातांमध्ये तासभर तरी जाऊ द्या. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पावसाची झड असते, हवा दमट, तेव्हा दोन तास धरा आणि पंखा लावा.

मुलांनी काय केलं? बाराही बाटल्यांवर वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, आणि मधोमध निळं अशोकचक्र. आठ वर्षांच्या एका मुलीने प्रत्येक चक्राचे आरे मोजले. एका बाटलीवर तेवीसच भरले, तर तिने ते चक्र पुसून पुन्हा काढलं. मी कौतुकाने फोटो काढत होते.

१३ ऑगस्टच्या रात्री आमच्या खालच्या मजल्यावरचे सुभेदारकाका आले. तोफखान्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. बाटल्यांमध्ये झेंडूची फुलं खोचून ठेवली होती. त्यांनी एक बाटली उचलली, फिरवून पाहिली आणि हळूच खाली ठेवली. मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, पोरांनी जीव लावून केलंय. पण हा झेंडा झाला. आणि झेंड्यात आपण काही ठेवत नाही.”

मला आधी रागच आला, खरं सांगते. रात्री बसून ध्वजसंहिता वाचली. २००२ सालची आहे. ध्वजाचा वापर शोभेच्या पताकांसारखा किंवा सजावटीसाठी करू नये, असं त्यात स्पष्ट आहे. ध्वजाचं पात्र करून त्यात काही ठेवू नये, हेही आहे. सूट एकच, फडकवण्याआधी त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवायची. त्यावर अक्षरं लिहायची नाहीत. बरं, झेंडा म्हणजे फक्त कापडाचाच का? तर १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात कुठल्याही वस्तूवर काढलेलं ध्वजाचं चित्र, अगदी त्याच्या भागाचंसुद्धा, ध्वजातच धरलंय. मी काही वकील नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर १६ ऑगस्टची सकाळ आली. घंटागाडी येणार, आणि या बारा बाटल्या कुठे जाणार?

रविवारी सकाळी मुलांना बोलावलं. चूक मुलांची नव्हती, माझी होती, तसं स्पष्ट सांगितलं. ती आरे मोजणारी मुलगी रडली. “मी बरोबर मोजले होते ना?” म्हणाली. तिला काय उत्तर देणार? काका शेजारीच होते. ते म्हणाले, “तू बरोबर मोजलेस म्हणूनच हा झेंडा झाला. वेडंवाकडं काढलं असतंस, तर मी आलो नसतो.” ती गप्प झाली. मग तिनेच पहिली बाटली कोमट पाण्यात बुडवली. रंग पुरता मुरला नव्हता, सालीसारखा निघाला.

मग काढायचं काय? काका म्हणाले, आपल्या गावाचं काढा की. आणि बसल्या बसल्या सांगायला लागले. भगूरचं सावरकरांचं घर. विजयानंद नाट्यगृह, जिथे २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली. काळाराम मंदिराचा दरवाजा, जिथे २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे लावून धरला. एका मुलाने विचारलं, “पण तिथे इंग्रज कुठे होते?” काका म्हणाले, “दार आपल्याच माणसांनी बंद केलं होतं. ते उघडणं हेसुद्धा स्वातंत्र्यच.”

पांढऱ्या बाटल्या, त्यावर काळ्या रेघांनी वाडा, रंगमंच, दरवाजा. कुणी गोदाघाट काढला, कुणी द्राक्षाचा घड. दोन बाटल्यांमध्ये सेलवरची लाइटची माळ सोडली. मेणबत्ती मात्र बाटलीत लावू नका, काच तापून फुटते. टेबलावर झेंडूची फुलं होतीच. झेंडा एकच होता, खांबावर.

१५ तारखेला सासूबाईंनी काळाराम मंदिराची बाटली उचलून बघितली. “ही आपल्याकडे ठेव,” म्हणाल्या. आजही ती आमच्या खिडकीत आहे, आतमध्ये मनीप्लँट. आणि त्या मुलीने तिच्या बाटलीवर काय काढलं माहितीये? सुभेदारकाकांची सायकल. चाकाचे आरे मोजले मी. चोवीस.

तेव्हा मंडळी, यंदा बाटल्या रंगवाल तेव्हा आपापल्या गावाची एखादी गोष्ट शोधा आणि ती काढा. काय काढलंत, ते मला जरूर कळवा.