बाटलींतील वेल



आजच्या भाषणाचा विषय लहान आहे. दिवाणखान्यांत, कपाटावर किंवा खिडकीच्या चौकटींत एका बाटलींत पाणी घालून जी हिरवी-पिवळी वेल आपण सोडून देतों, तिच्यासंबंधीं मी चार शब्द बोलणार आहें. तिला सर्वजण मनीप्लांट म्हणतात. मराठींत तिला स्वतःचें असें नांव नाहीं, आणि तें नसणें स्वाभाविकच आहे; कारण ही वेल आपल्याकडची नव्हे. प्रशांत महासागरांतील ताहिती बेटाच्या शेजारीं मोरेआ नांवाचें एक लहानसें बेट आहे, तें तिचें माहेर. तेथून निघून ती साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरली, आणि आमच्या नांदगांव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गांवींही आतां घरोघर दिसते.

मारूं म्हटलें तरी ही वेल मरत नाहीं, अशी तिची ख्याति. असें असतां आपल्या वऱ्हाडांतील पुष्कळ घरांत ती वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते आणि कुजून जाते. दोष दिला जातो तो उन्हाळ्याला. चैत्र-वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर चढला म्हणजे कोणतेंही अपयश त्याच्या माथीं मारणें सोपें असतें. परंतु ह्या खटल्यांत उन्हाळा हा दुय्यम आरोपी होय. मुख्य आरोपी माती व पाणी हे दोघे, आणि त्यांना हातभार लावणारी आपली अतिरिक्त माया.

वेल कशी राखावी हें शिकण्यासाठीं मोरेआ बेटापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत अंजनगांव सुर्जीकडे जावें. तेथील बारी समाजानें नागवेलीचे व पानपिंपळीचे मळे पिढ्यान्‌ पिढ्या राखले आहेत, आणि तें ह्या उन्हाच्या मुलुखांत राखले आहेत, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

मात्र एक गैरसमज आधीं दूर केला पाहिजे. मनीप्लांटचें पान विड्याच्या पानासारखें दिसतें, म्हणून ह्या दोघी बहिणी असाव्यात असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. नागवेल ही मिरीच्या कुळांतली, आणि मनीप्लांट ही अळूच्या कुळांतली; आपण वऱ्हाडी लोक ज्याला धोपा म्हणतों त्याची ती नातलग. धोप्याची भाजी करतांना चिंच कां घालावी लागते हें गृहिणींना सांगावयास नको. त्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशाला टोंचतात. तेच स्फटिक मनीप्लांटच्या पानांत व देठांतही असतात. रांगत्या मुलानें ह्या वेलीचें पान चावलें तर तोंडाची आग होते, ओंठ व जीभ सुजते. अशा वेळीं पान तोंडांतून काढावें, चूळ भरवावी अथवा ओल्या फडक्यानें तोंड पुसावें, गार पाणी किंवा दूध द्यावें. आणि सूज वाढूं लागली किंवा श्वासाला अडथळा झाला तर क्षणाचाही विलंब न करितां वैद्यकीय मदत घ्यावी. पाळीव मांजर-कुत्र्यांनाही हाच त्रास होतो. म्हणून वेल टांगलेली बरी, जमिनीवर नको.

आतां पानमळ्याकडे वळूं. मळ्यांत शिरतांच पहिली गोष्ट जाणवते ती सावली. शेवरी, पांगारा, हादगा अशा झाडांच्या आधारानें वेल वर चढविलेली असते आणि त्याच झाडांच्या पालवींतून ऊन गाळून खालीं येतें. बाहेर झळा मारीत असतां आंत हवा ओलसर व शांत असते. आपल्या परदेशी पाहुणीलाही हेंच हवें असतें, कारण ती मुळांत अरण्यांतील मोठ्या वृक्षांच्या सावलींत वाढणारी. पश्चिमेच्या खिडकींतील तिसऱ्या प्रहरचें ऊन तिचीं पानें भाजून काढतें. उलट अगदीं अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवली तर ती जगते खरी, परंतु पानांवरील पिवळी नक्षी पुसट होते आणि दोन पानांमधलें अंतर लांबत जाऊन वेल रोडावते. वर्तमानपत्र दिव्यावांचून वाचतां येईल इतका उजेड तिला पुरे. वऱ्हाडी घरांत हिच्यासाठीं उत्तम जागा कोणती म्हणाल, तर माठाच्या घडवंचीजवळची. तेथें हवेंत गारवा व ओल असते. कूलरच्या खोलींतही ती आनंदानें वाढते. फक्त वाऱ्याचा झोत अंगावर नको.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि येथेंच बहुतेकांचा घात होतो. पानमळ्याला पाणी वारंवार देतात, परंतु तें साचूं देत नाहींत. आपली काळी कपाशीची जमीन शेतांत सोन्यासारखी असली तरी कुंडींत ती वैरीण होते. ओली झाली म्हणजे ती फुगते, चिकट होते, तिच्यांतील हवा निघून जाते. वाळली म्हणजे तिला भेगा पडतात आणि बारीक मुळें तुटतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. तो मिळाला नाहीं कीं तीं कुजतात, कुजलेलीं मुळें पाणी शोषूं शकत नाहींत, म्हणून पानें मलूल होतात. आणि मलूल पानें पाहून आपण आणखी एक तांब्या ओततों! ह्याहून करुण गैरसमज दुसरा नसेल. यासाठीं कुंडींत नुसती काळी माती कधींही भरूं नये. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत किंवा पालापाचोळ्याचें खत असें मिश्रण करावें. कुंडीच्या तळाचें भोंक मोकळें आहे ना, तें पाहावें. पाणी देण्यापूर्वीं बोटाचीं दोन पेरें मातींत घालून पाहावीं. ओल लागली तर पाणी देऊं नये. वैशाखांत ही वेळ दोन-तीन दिवसांनीं येईल, पौषांत दहा-बारा दिवसही येणार नाहीं. वार ठरवून पाणी घालणें हा शिस्तीचा भाग वाटतो, पण वेलीला पंचांग कळत नाहीं.

अकोला, दर्यापूर, भातकुली ह्या पूर्णेच्या खोऱ्यांतील श्रोत्यांस एक निराळी सूचना करावयाची आहे. त्यांचा पुष्कळ भाग खारपाण पट्ट्यांत येतो. तेथील विहिरीचें खारें पाणी कुंडींत घातलें म्हणजे पाणी उडून जातें आणि क्षार मागें राहतात. मग पानांचीं टोकें तपकिरी होऊन करपतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून जें पाणी बाहेर टाकलें जातें, तें वायां जाऊं नये म्हणून झाडांना घालण्याची चाल हल्लीं पडली आहे. हेतु चांगला, परंतु त्या पाण्यांत मूळ पाण्याहून अधिक क्षार असतात. तें फरशी धुण्यास वापरावें. वेलीला पावसाचें सांठविलेलें पाणी किंवा नळाचें गोडें पाणी द्यावें.

पानमळ्यांत पायांत जोडे घालून जात नाहींत, ही रीत आपण ऐकली असेल. श्रद्धेची बाजू तिला आहेच. परंतु तिच्यामागें व्यवहारही आहे. नागवेलीला मर लावणारा, बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव ओल्या मातींत असतो आणि तो जोड्यांच्या चिखलाबरोबर एका मळ्यांतून दुसऱ्या मळ्यांत जातो. घरांत ह्याचा अर्थ एवढाच, कीं कुजलेल्या कुंडीची माती दुसऱ्या कुंडींत घालूं नये आणि कात्री पुसून वापरावी.

पानमळ्याची मला सर्वांत आवडलेली युक्ति वेल उतरविण्याची. वेल वर वर जाते, खालचीं पानें खुडलीं जातात, बुंधा उघडा पडतो. तेव्हां मळेकरी वेल खालीं उतरवून तिचा उघडा भाग मातींत गाडतो. पेरांपेरांतून नवीं मुळें फुटतात आणि म्हातारी वेल पुन्हां तरणी होते. आपल्या घरांत दहा फूट दोरीसारखी लोंबणारी आणि टोंकाला चारच पानें धरून असलेली वेल पुष्कळदां दिसते. तिच्यावर हाच उपाय करावा. उघडी दोरी कुंडीच्या मातीवर वेटोळें करून ठेवावी, पेरें मातीला टेकवावीं. किंवा कापून तिच्या कांड्या लावाव्यात. आणखी एक मौज अशी, कीं ही वेल खालीं सोडली तर पान लहान राहतें, आधार देऊन वर चढविली तर मोठें होतें. नारळाच्या काथ्यानें गुंडाळलेली काठी कुंडींत रोवून पाहावी. खतासंबंधीं फार बोलत नाहीं. पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां मूठभर शेणखत पुरेसें आहे.

बाटलींत वेल ठेवणाऱ्यांनीं मात्र पुढचें लक्षपूर्वक ऐकावें. डेंग्यू पसरविणारा डांस घाणेरड्या गटारांत नव्हे, तर घरांतील स्वच्छ, स्थिर पाण्यांत वाढतो. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आंतल्या बाजूस तो अंडीं चिकटवितो, आणि तीं अंडीं कित्येक महिने कोरडीं राहूनही जिवंत राहतात. अंड्यापासून डांस होण्यास उष्ण दिवसांत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून नुसतें पाणी बदलून भागत नाहीं. दर आठवड्यास एक दिवस नेमून बाटली रिकामी करावी, आंतून कुंच्यानें घांसावी आणि मग नवें पाणी भरावें. (येथें मात्र वार ठरविलाच पाहिजे.) कुंडीखालची बशी आणि कूलरची टांकी ह्यांनाही हाच नियम. शोभेच्या वेलीपायीं घरांत तापाचा रुग्ण पडावा, हें कोणास आवडेल?

ही वेल हवा शुद्ध करते असें सांगून विकली जाते. १९८९ मध्यें अमेरिकेच्या नासा संस्थेनें केलेले प्रयोग बंद पेटींतले होते. अशा प्रयोगांचा २०१९ मध्यें फेरविचार झाला, तेव्हां असें दिसलें कीं उघड्या खिडकीइतका परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. खिडकी उघडावी, हें बरें.

आणि ती चोरून आणली तरच फळते, हा समज? मी आयुष्यभर मुलांना शिकविलें, त्यामुळें ह्या समजुतीचा मला विशेष राग आहे. आई स्वतः लेकराला कात्री देऊन शेजाऱ्याच्या कुंपणाकडे पाठविते, आणि मग शाळेंत त्यानें दुसऱ्याची पेन्सिल उचलली तर मास्तरांनीं त्याला काय सांगावें? ह्या वेलीची कांडी पेर असेल तर कोठेंही रुजते. चोरीची रुजली तिची कथा होते, कुजली तिची होत नाहीं. वास्तविक ह्या वेलीचा इतिहास चोरीच्या अगदीं उलट आहे. तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८८० मध्यें झालें, पण फूल पाहावयास न मिळाल्यानें तिचें गोत्र ठरेना आणि नांवें बदलत राहिलीं. १९६२ मध्यें तिला फूल आलें, आणि १९६४ मध्यें एपिप्रेम्नम ऑरियम हें हल्लींचें नांव कायम झालें. त्यानंतर आपण होऊन ती फुलल्याची नोंद नाहीं. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत कारण कळलें: फुलण्यास लागणारें जिबरेलिन नांवाचें द्रव्य तयार करणारा तिचा एक जनुक निकामी आहे. फूल नाहीं म्हणून बीज नाहीं. आपल्या घरांतील वेल ही कोणाच्या तरी वेलीची कांडी, ती आणखी कोणाच्या वेलीची. मोरेआपासून वऱ्हाडापर्यंत ती हातोहात आली आहे.

म्हणून मागणाऱ्याला कांडी द्यावी, आणि नीट द्यावी. मृगाचा पाऊस पडून हवा ओलावली म्हणजे द्यावी. दोन-तीन पेरांची निरोगी कांडी पेराच्या बोटभर खालीं तिरपी कापावी. पेर नसलेलें नुसतें पान देऊं नये, त्याला क्वचित्‌ मुळें फुटलीं तरी वेल होत नाहीं. नागपूर-पुण्यास जाणारा पाहुणा असेल तर पेरांभोवतीं ओला कापूस गुंडाळून वर कागद बांधावा. दोन दिवसांचा प्रवास ती सहज सोसते. पोहोंचल्यावर तिला सावलींत ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत पांढरीं मुळें दिसूं लागतील, आणि तीं बोटभर झालीं कीं वर सांगितलेल्या मिश्रणांत लावावी.