चुकलेलें कांसव

सीमूर पेपर्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९६७ सालीं अमेरिकेंत मुलांकरितां 'लोगो' ही संगणकाची भाषा रचली. पुढें तींत एक कांसव आलें. आज्ञा मिळतांच तें चालतें, वळतें, आणि पडद्यावर रेघ उमटते. समभुज त्रिकोण काढावयाचा म्हणून मूल पाठ असलेले ६० अंश सांगतें, आणि कांसव भलतीकडेच जातें! मग मूल स्वतः उठून त्रिकोणाभोंवतीं चालून पाहतें. वळावें लागतें १२० अंश, हें आधीं पायांना कळतें. भूमितीच्या तासाला असें क्वचितच घडतें.

२०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी आलें. आतां मागतांच आज्ञावली मिळते, त्रिकोणहि उमटतो. कांसव चुकतांना दिसतच नाहीं. पण यंत्राची आज्ञावलीहि कधीं कधीं चुकते. ज्या मुलाचे पाय कधीं वळलेच नाहींत, त्याला ती चूक दिसावी कशी?